आतली कडी

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी छान ऊन. बाथरूमचा नळ गळतो आहे. चिमीने चहा दोनदा गार होऊ दिला. टेकडीवरची खोली हवी की नको, ते आज दुपारपर्यंत कळवायचं आहे.

चिमी माझी धाकटी नणंद. सत्तरी गाठली तरी घरात सगळ्यांची चिमीच. तिचं शिलाई मशीन आमच्या जेवणाच्या खोलीत, त्यामुळे ताटात दोरे. शिवणाचा क्लास काढायची तिला फार हौस, पण जागा कुठे?

टेकडीवरचं मनोरुग्णालय बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता तिथल्या खोल्या कारागिरांना देतात. चिमी तरुणपणी तिथे राहिली होती. आई गेली आणि हिने बोलणंच टाकलं, म्हणून वडिलांनी नेऊन ठेवलं. तिथल्या शिवणखोलीत उशांचे अभ्रे शिवताना तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "दोरा." मी लग्न होऊन आले तेव्हा ती नुकती घरी परतली होती. त्यानंतर तिचं तोंड बंद झालेलं मी पाहिलेलं नाही.

तिला हवी होती ती हीच शिवणखोली. उंच खिडक्या, दिवसभर उजेड. पण आज बघायला गेलो, तर दारातच तिचा पाय अडला. जाडजूड कडी बाहेरून. आतून दार नुसतं सपाट.

"ही काढा आणि आतून एक बसवा," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "नाहीतर खोली तुमच्या मागे लागलेल्या त्या फ्रेमवाल्याला द्या."

"आजी, जुन्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं समितीने सांगितलंय. इमारतीची शान आहे ती."

"मग शान तुमच्या घराला लावा."

मी तिचा हात दाबला. "चिमे, कडीपायी खोली घालवशील. नंतर बघू ना."

"वहिनी, तू कायम या बाजूला होतीस. मी त्या बाजूला होते."

मी तिचा हात सोडला. व्यवस्थापकांनी कपाळ पुसलं. "समितीला काय सांगू मी?"

"माझ्याकडे पाठवा. मी बोलते."

तिचं बोलणं त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. त्यांना हसू आलं आणि त्यांनी सुताराला हाक मारली.

स्क्रू गंजलेले. सुतार घामाघूम. "आजी, बाहेर कडी नाही, मग कुलूप कशाला लावणार?"

"दारातच बसव, किल्लीचं. किल्ली माझ्याकडे."

अखेर जुनी निघाली, नवी आतून बसली. चिमी आत गेली, दार लोटलं. खट्. मग काहीच आवाज नाही. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय.

"चिमे? बरी आहेस ना गं?"

"बसा आता बाहेर!" आतून खदखदून हसणं ऐकू आलं. "मी उघडेन तेव्हाच यायचं!"

सुतार तर पायरीवरच बसला हसत. बऱ्याच वेळाने तिने दार उघडलं, डोळे पुसत, आणि म्हणाली, "हातगाडी बोलवा. मशीन आजच आणायचं."

संध्याकाळी. मशीन गेलं. जेवणाचं टेबल खोलीच्या मधोमध ओढलं. एक पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठा घातला.