आधी पाणी पी

आमच्या नर्सबाईंइतकं पाणी पिणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. जिल्ह्याचं नाव बदललं, पाण्याची बोंब काही बदलली नाही. चैत्र लागला की अर्धा जिल्हा टँकरकडे डोळे लावून बसतो, आणि आमच्या शेजारी ही बाई सकाळपासून तांब्यामागून तांब्या रिचवत असायची, तेही दारात उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. घरात ती पाणी पीतच नाही, फक्त बायका दिसल्या की पिते, असा आमच्या आळीतल्या पुरुषांचा आरोप होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. जवळजवळ सगळी नोकरी नर्सबाईंनी एका आडबाजूच्या उपकेंद्रात काढली, निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात. त्या ख्रिस्ती, दर रविवारी न चुकता नगरला चर्चला जायच्या, पण उरलेले सहा दिवस त्यांनी एकाच गोष्टीला वाहिले होते. बायकांनी पोटभर पाणी प्यावं, आणि ते सोडायला जिथं जायचं तिथं दाराला कडी असावी. ऐकायला एवढंसंच वाटतं. एवढ्याशासाठी त्यांनी भटजीपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांशी वैर घेतलं.

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. काष्टीच्या बाजाराला जाताना लागतं एवढं पुरे. नाव सांगितलं तर आजूबाजूच्या गावांना वाटेल की आपण सुटलो.

नर्सबाई कुणाला ‘बरी आहेस का’ असं कधी विचारत नसत. ‘आज किती प्यालीस?’ हा त्यांचा रामराम. हा प्रश्न आमच्या गावात एरवी पुरुषांना विचारतात आणि तोही तिन्हीसांजेनंतर, त्यामुळे नवीन सुना दचकायच्या. उत्तरावर त्यांचा विश्वास नसेच. हात पकडून पंजाच्या मागच्या कातडीला चिमटा काढायच्या आणि कातडी किती वेळानं खाली बसते ते बघून म्हणायच्या, “खोटं बोलतीस. आधी पाणी पी, मग काय सांगायचं ते सांग.” माझी आणि त्यांची ओळख झाली ती अशीच, पण चिमट्यापेक्षा वाईट रीतीने. मी इथल्या एका पतसंस्थेत कारकून. पाच पुरुष आणि मी. पुरुषांना मागची भिंत होती, मला काहीच नव्हतं. सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मग काय ते, अशी मी अकरा वर्षं काढली. वर त्याचा मला अभिमान होता! ‘आमच्या मॅडम जागच्या उठत नाहीत,’ असं कौतुक करून वार्षिक सभेत शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला होता. आमच्या आळीत नुकत्याच राहायला आलेल्या नर्सबाई पेन्शनचं काहीतरी विचारायला आल्या, माझ्या ओठांकडे बघितलं आणि काउंटरवरून मॅनेजरला हाक मारली, “साहेब, ही बाई लघवीला कुठं जाती?” धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी खाली मान घालून म्हणाले, “अहो, मला सवय आहे.” त्या म्हणाल्या, “सवय बैलाला बी असती. त्याला विचारून लावली न्हाई कुनी.” मी इतकी चिडले की आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मॅनेजरवर चिडायला मात्र मला पुढे सहा महिने लागले, आणि एकदा चिडल्यावर पंधरा दिवसांत मागच्या अंगाला पत्र्याचं का होईना, दार आलं. म्हणजे जागा होती, पत्रा होता, गवंडीही गावातच होता. अकरा वर्षं फक्त कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यात मीही आले, याचा राग अजून जात नाही.

बाजारतळाच्या लांबलचक भिंतीवर देवादिकांच्या फरशा बसवल्या आहेत, पुरुषांनी तिथं उभं राहू नये म्हणून. गणपती, साईबाबा, मक्केचं चित्र, शेवटी येशूही. नर्सबाई त्या भिंतीसमोर हमखास थांबायच्या. “बघ, तेहतीस कोटी कामाला लावले तरी आवरंनात. आमच्यावाल्यालाबी सोडला न्हाई, त्यालाबी ड्यूटी दिली,” असं म्हणून त्या छातीवर क्रूसाची खूण करायच्या आणि फरशीतल्या सगळ्याच देवांची माफी मागायच्या. मग पदर खोचून म्हणायच्या, “पुरुषाला थांबवायला देव लागतो आन बाईला थांबवायला नुसती लाज पुरती. किती स्वस्तात पडतो गं आपण.”

लग्नात त्या नवरीकडे नंतर जायच्या, आधी कार्यालयाचं लेडीज टॉयलेट बघायच्या. कडी, बादली, दिवा. यातलं एक जरी नसेल तर भर पंगतीत वधूपित्याला गाठायच्या. एका लग्नात मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली असताना त्यांनी नवरीला बघितलं. शालूत परत परत कुठं नेणार म्हणून पहाटेपासून पोरीला घोटभर पाणी दिलं नव्हतं. नर्सबाईंनी पिशवीतली बाटली काढली आणि अख्खी पाजली. पाणी पोटात गेल्यावर पहाटेपासूनचं सगळंच आठवलं असावं. अंतरपाट धरला, भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं आणि नवरीनं कळवळून नर्सबाईंकडे बघितलं. “थांबा!” बाईंनी हात वर केला आणि शालू सावरत तिला घेऊन निघाल्याच. कार्यालयाच्या त्या दाराला कडी नव्हती. नर्सबाई दाराला पाठ लावून उभ्या, मुठीत अक्षता. इकडे नवरदेव अंतरपाटापलीकडे एकटाच, समोर कुणी नाही. भटजींनी दोन अष्टकं जादा म्हटली, मग नवरदेवाच्या आत्यानं संधी साधून झाडून सगळ्या नातेवाइकांची नावं गुंफलेलं स्वतःचं म्हटलं. नवरी बाहेर आली तशी बाईंनी मुठीतल्या अक्षता तिथंच तिच्या डोक्यावर टाकल्या. व्याही लालबुंद. “मुहूर्त टळला, त्याचं काय?” बाई शांतपणे म्हणाल्या, “मुहूर्त दिसात चार येत्यात. किडन्या दोनच असत्यात.” त्या जोडप्याचं झकास चाललं आहे. ती पोर अजून दर दिवाळीला नर्सबाईंना फराळाचा डबा धाडते.

राजकारणातलं मला काही कळत नाही, असं त्या म्हणायच्या आणि मग तासभर बोलायच्या. निवडणुकीच्या आधी एका उमेदवारानं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. दुपारी बारापासून बायका मांडवात, साहेब आले पाचला. स्टेजवरून ‘माझ्या बहिणींनो’ म्हटल्याबरोबर नर्सबाई उभ्या राहिल्या. “भाऊ, बहीण बारापासून बसलीया. तिला जायचं झालं तर कुठं जायाचं, एवढं सांगा आन मग भाषान करा.” आधी सगळा मांडव हसला आणि मग एकदम गप्प झाला, कारण प्रत्येकीला तेव्हाच जायचं होतं. संयोजकांनी घाईघाईनं गाणं लावलं. वाणाचा स्टीलचा डबा मात्र बाईंनी परत केला नाही. पाच तास बसून कमावलाय म्हणाल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही. भाऊ म्हणवून घ्यायची केवढी हौस यांना! ओवाळून घेतील, राखी बांधून घेतील, बहिणीचं मत मागतील, आणि बहिणीला पाच तास मांडवात कोंबताना तिला पोट असतं हे एकाच्याही डोक्यात येणार नाही.

आमच्या गावचं सरपंचपद तेव्हा बायकांसाठी राखीव झालं आणि एक बारावी शिकलेली, मान खाली घालून बोलणारी सून सरपंच झाली. झाली म्हणजे पाटीवर झाली. खुर्चीत नवरा, आणि सगळं गाव त्यालाच सरपंच म्हणायचं. नर्सबाई त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या बाईंशी बोलायच्या, जणू मध्ये खिडकी आहे. त्यानं उत्तर दिलं तर विचारायच्या, “तुमचं काय काम हुतं? बसा जरा, सरपंचबाईंचं होऊ द्या.” याच काळात बाजारतळावर बायकांसाठी शौचालय बांधलं गेलं. नवऱ्यानं फीत कापली, सरपंचबाईंनी कात्रीचं ताट धरलं, फोटो निघाला आणि दाराला कुलूप लागलं. का, तर उघडं ठेवलं तर घाण होईल! आत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स रचून ठेवले. बाजारच्या दिवशी शेजारपाजारच्या गावांतून भाजी घेऊन बायका येतात, पहाटे घर सोडतात, दिवे लागताना परत जातात, आणि त्या कुलपाकडे पाठ करून बसतात. वापरलं की घाण होतं म्हणून बंद ठेवायचं, हा न्याय लावायचा तर स्वयंपाकघरालाही कुलूप हवं, तिथंही रोज घाण होते. पण तिथं कुलूप लावलेलं मी पाहिलं नाही. तिथली घाण काढायला बाई असते ना!

नर्सबाईंनी अर्जावर अर्ज दिले. कुणी हलेना, तेव्हा त्यांनी रीतसर नोटीस दिली: ‘येत्या बाजारच्या दिवशी मी ग्रामपंचायतीसमोर आमरण पाणी पिणार आहे.’ आमच्या जिल्ह्याला उपोषणं नवी नाहीत, पण हे कुणी ऐकलं नव्हतं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हसत हसत पोचेचा शिक्का मारून दिला. बाजारच्या दिवशी बाईंनी चटई टाकली, दोन माठ मांडले. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून पेले भरायला बसले. नर्सबाई प्यायल्या आणि भाजीवाल्यांना हाका मारू लागल्या. कोथिंबीर विकणारी एक म्हातारी मागे सरली. “नगं बाई. मी बाजारच्या दिशी पानी पीत न्हाई. लई वर्सं झाली.”

“म्हनूनच पी.”

“आन मंग जाऊ कुठं?”

“तेच इचारायला बसलोय आपण.”

म्हातारी प्यायली. तिचं बघून दुसरी, मग तिसरी. बाराच्या सुमाराला ग्रामपंचायतीच्या पायरीपासून पारापर्यंत बायकांची रांग लागली. घोषणा नाही, काही नाही, नुसत्या उभ्या. पाच मिनिटांत आतले पुरुष चुळबुळायला लागले. सरपंचबाईंचा नवरा बाहेर आला. “काय तमाशा लावलाय? सरपंचांना कामं आहेत.” नर्सबाईंनी नेहमीसारखं त्याच्या खांद्यावरून बघितलं. “सरपंचबाई, तुमी प्यालात का आज पाणी?”

सरपंचबाई दारात आल्या. मान हलवून नाही म्हणाल्या. मी पेला पुढे केला. त्यांनी तो एका दमात संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला आणि पायऱ्या उतरून म्हातारीच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. नवरा दबक्या आवाजात म्हणाला, “आत चल. आत आहे की आपलं.”

“आत त्याच्या दाराशीच तुमची चार माणसं पत्ते खेळत बसलीत. मी सकाळपासून उठले नाही,” त्या म्हणाल्या. मग मान वर झाली. “भाऊसाहेब, बाजारतळाची किल्ली आणा.”

किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदार पुण्याला. सरपंचबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. “तर मग कुलूप तोडा. आणि लिहून घ्या, सरपंचांनी सांगितलं.” शिपायानं दोन घावांत कुलूप तोडलं. आतून फ्लेक्स निघायला लागले, सगळ्यात वरचा हात जोडलेल्या सरपंचबाईंचाच. पहिली म्हातारी गेली. नर्सबाई सगळ्यात शेवटी गेल्या. तोवर त्या पाणी पाजतच होत्या.

ते दार तेव्हापासून उघडं आहे. घाण होतं. मग धुतात. जगबुडी आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात नर्सबाईंचे पाय सुजले. नगरच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला फक्त एक लिटर पाणी, त्यातच चहा आला, त्यातच औषधाचं पाणी. मी डॉक्टरांच्या अंगावर गेले. तालुक्याला पाणी पाजणाऱ्या बाईला हे कसं होईल, तुमचं मशीन चुकलंय म्हणाले. नर्सबाईंनी माझा हात ओढून खाली बसवलं. “मशीन चुकलं न्हाई गं. मी उशिरा सुरू केलं. उपकेंद्राला संडास नव्हता, भवताली नुसतं माळरान. बायांना सांगायची, पाणी प्या, आन स्वतः तोंड कोरडं घेऊन दिवस काढायची. तेवढी वर्सं आता कशी धुवून निघतील?” त्या हे हसत म्हणाल्या. मला हसता येत नाही. ज्यांनी त्या उपकेंद्राच्या नकाशावर सह्या केल्या, त्यातल्या एकालाही कधी काही झालं नसेल. मला त्यांची नावंही माहीत नाहीत, नाहीतर इथं लिहिली असती.

आता त्यांच्या खाटेजवळ रेघा मारलेली बाटली असते. त्या घोटघोट पितात आणि प्रत्येक घोट तोंडात बराच वेळ ठेवतात. मी ऑफिस सुटलं की आधी त्यांच्याकडे जाते. दारातच प्रश्न येतो, “आज किती प्यालीस?” आणि मग म्हणतात, “खरं सांगतीस कशावरून? तो तांब्या घे. माझ्यासमोर पी, बघू दे मला.” मी तांब्या उचलते. त्या माझ्या गळ्याकडे टक लावून बघत असतात, म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत पिते. तांब्या खाली ठेवला की त्या तोंड पुसतात, स्वतःचं, कोरडंच, आणि मागच्या दाराकडे बोट करून म्हणतात, “जा आता. थांबू नको.”