वरचं दूध

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मुग्धासमोर तर नाहीच — आणि ती माझी बायको आहे, ऐकायचा पहिला हक्क तिचा होता.

आम्ही मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी गुरुग्रामला आलेलो. इथंच आमची ईरा जन्मली, हृदयात दोष घेऊन. पाचव्या आठवड्यात दिल्लीत ऑपरेशन झालं. चांगलं झालं. आयसीयूतून खोलीत आणल्यावर डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना बजावलं — अशा बाळांच्या आतड्यांना रक्त कमी पोचलेलं असतं, ती फार नाजूक असतात. फक्त आईचं दूध, नाकातल्या नळीतून, नर्स मोजून देईल तेवढंच. मला ते नीट समजलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुग्धा दूध काढायला शेजारच्या खोलीत गेली. ईरा भुकेली होती. रडायचाही जोर नव्हता तिच्यात — नुसती मूठ चोखायची. मी नर्सला का नाही बोलावलं? सकाळीच खालच्या केमिस्टकडून दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली आणून मी बॅगेत लपवून ठेवली होती. म्हणजे भावनेच्या भरात झालं, असंही म्हणता येत नाही. मी दूध कालवलं आणि बाटली तिच्या ओठांना लावली. ती प्यायली. आणि मला आनंद झाला — केवढा आनंद!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट टम्म फुगलं होतं. शीमधून रक्त पडत होतं.

"बाहर का कुछ दिया था?" मॅडमनी विचारलं. "सच बताइए, इलाज का सवाल है."

"नहीं मॅडम. बिल्कुल नहीं."

बाहेर बाकावर मुग्धा म्हणाली, "अरे, मी काल कँटीनचे छोले खाल्ले. माझ्या दुधातून तर गेलं नसेल ना?"

मी — काय म्हणालो असेन? म्हणालो, "असेल."

एकच शब्द. तो मी पुढे कधी मागे घेतला नाही.

आतड्याचा मोठा भाग सडला होता. तो कापून काढला, पण चौथ्या दिवशी ईरा गेली. मॅडम म्हणाल्या, सगळं पाळूनही कधी कधी असं होतं. त्या वाक्याच्या आड मी खूप दिवस लपलो. कदाचित माझ्यामुळे नसेलही झालं. पण विचारल्यावर खोटं बोललो, तो मीच ना?

तीन वर्षांनी निषाद झाला — ठणठणीत. नर्सनं त्याला मुग्धाच्या छातीशी दिलं, तर तिनं तोंड फिरवलं. "माझं नको. माझं दूध बाधतं." सगळ्यांनी समजावलं. सासूबाई रडल्या. मुग्धा माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी सांग ना यांना."

मी सांगितलं. "तिला नको असेल तर राहू दे."

तिनं माझा हात घट्ट धरला. तिला वाटलं, मी तिची बाजू घेतोय.