कातळावरचे एक्केचाळीस टॅब

माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसून मी आजवर काय काय सांगितलं नसेल! माहुलीच्या डोंगरात बिबट्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारून त्याला बकरीसारखा खाली उतरवला. भातसा धरणात हातून मोबाइल पडला तो माशाने गिळला, आणि तीन दिवस माशाच्या पोटातून रिंग वाजत होती — चौथ्या दिवशी बॅटरी उतरली म्हणून, नाहीतर पकडलाच असता. लोक चहा सांडेपर्यंत हसतात. पुढच्या वेळी मी माशाचं वजन वाढवतो.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुरबाडच्या मेव्हण्याला नाही, त्या बाकड्याला तर नाहीच नाही. आणि गंमत बघा — मीठमसाला लावावा लागत नाही अशी माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे.

तुम्ही बसा. मी उभा राहतो. हे सांगताना मला बसवत नाही.

शहापूरच्या बाजारात माझं मोबाइलचं दुकान. मुरबाडला दुसरी शाखा — म्हणजे मेव्हण्याच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातलं एक कपाट, पण पाटीवर मी ‘शाखा’ असंच लिहून घेतलंय. एका टॅबच्या कंपनीचा माल माझ्याकडे होता. नाव नाही सांगत. ठाण्याहून त्यांचे एक साहेब यायचे, गोरेगोमटे, घाम न येणारे.

आता टॅब विकला गेला असं कंपनी कधी मानते, माहीत आहे? मी बिल फाडलं तेव्हा नाही. टॅब पहिल्यांदा चालू होतो, नेट पकडतो, तेव्हा कंपनीच्या नकाशावर एक ठिपका उमटतो. ठिपका उमटला की टॅब विकला, आणि माझं कमिशन सुटलं. कुणी चालू केला, कशासाठी केला — ठिपक्याला तोंड थोडंच असतं?

साहेब म्हणाले, “शेठ, बाजारात ठिपके खूप झाले. आत, डोंगरात दिसू देत. वरच्या लोकांना गावं आवडतात.” खोटं कर, असं ते म्हणाले नाहीत. पण मी त्यांच्या अंगावर ढकलत नाही. युक्ती माझी. सगळी माझी.

बायकोच्या केस वाळवायच्या मशिनने खोक्यांची सीलं गरम करून सोडवली. टॅब दोन गोणींत भरले. किती? बाकड्यावर असतो तर म्हणालो असतो, दोनशे. एक्केचाळीस होते. मोटारसायकलवर मागे आडव्या गोण्या बांधून निघालो. ठरवलं होतं की गावोगाव फिरायचं — पाच आटगावात, पाच कसाऱ्याच्या अंगाला, पाच किन्हवलीकडे, थोडे मुरबाड तालुक्यात. नकाशावर कसं रांगोळीसारखं दिसलं असतं!

पण मी आळशी. उंबरमाळीच्या वर एक पाडा आहे, सोळा घरांचा. पाड्याच्या डोक्यावर मोठा सपाट कातळ. तिथे नेट असं पकडतं की विचारू नका. एकदा चढलो, बसलो, म्हटलं — कशाला उन्हात गावं पालथी घाला? सगळे इथेच पेटवू.

चैत महिना. कातळावर एका म्हातारीने मोहाची फुलं वाळत घातलेली. तिच्या फुलांच्या कडेकडेने मी टॅब मांडले. माझ्या मोबाइलच्या नेटवर एका वेळी आठच चालायचे, म्हणून आठ-आठच्या रांगा. एकेक टॅब चालू होताना कंपनीची ती टुंग-टुंग धून वाजते ना? आठ टॅब मागेपुढे वाजू लागले. झाडावरचे वानर पळाले — हे वाढवून नाही सांगत, खरंच पळाले.

म्हातारी काठी टेकत आली. नवशीबाय. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “ए शेठ, माझा मोह वालतोय. तुझे आरशे बाजूला घे.”

आता गप्प बसेन तो मी कसला? म्हटलं, “मावशी, हे सरकारचे आरसे. ढग मोजतायत.”

तिने आभाळाकडे पाहिलं. “चैतात ढग कुठं रं? मोजून झालं का मग?”

झालं होतं. संध्याकाळच्या आत एक्केचाळीस ठिपके त्या एका पाड्यावर पडले. टॅब बंद केले, खोक्यात घातले, सीलं परत चिकटवली, आणि आठवड्यात सगळा माल बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. तो पुढे कुणाला गेला, कुणी नवा म्हणून उघडला — कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

इथवरचं मी कदाचित बाकड्यावरही सांगितलं असतं. ‘ढग मोजणारे आरसे’ — केवढा हशा आला असता! पण पुढचं सांगावं लागलं असतं ना. म्हणून हेही गिळलं.

त्या पाड्यावर सुगंधा नावाची मुलगी होती. नवशीबायची भाची. पाड्यातली पहिली बारावी झालेली. घराच्या पडवीत ती मुलींचा अभ्यास घ्यायची — अकरा मुली, आठवी ते दहावीच्या. शाळा लांब, घाट उतरायचा, पावसात ओहोळ भरला की चार-चार दिवस जाणं नाही. मुंबईची एक संस्था पाड्यांवरच्या अशा अभ्यासाला टॅब देणार होती. त्यात धडे भरून द्यायचे, नेट नसलं तरी चालतील असे. अट एकच: ज्या पाड्यात कुणाकडेच नाही, तो पहिला. सुगंधा दारोदार फिरली. वहीत सोळा घरं लिहिली, प्रत्येकापुढे ‘टॅब नाही’ आणि घरच्या माणसाचा अंगठा किंवा सही.

संस्थेची सभा मुरबाडला झाली, दोन्ही तालुक्यांची मिळून. टॅब आमच्याच कंपनीचे घ्यायचे होते, म्हणून साहेब आले. आणि साहेबांनी मला पुढच्या रांगेत बसवलं — तालुक्याचा सगळ्यात मोठा विक्रेता म्हणून. गळ्यात हार होता. झेंडूचा. ओला होता, सदरा भिजत होता, पण मी काढला नाही. कसा काढणार?

सुगंधा उठली. वही उघडून वाचायला लागली. आवाज आधी कापत होता, मग स्थिर झाला. तिचं वाचून झाल्यावर साहेब हसून म्हणाले, आमच्याकडे वेगळंच दिसतंय. आणि त्यांनी भिंतीवर नकाशा दाखवला. उंबरमाळीच्या वर ठिपक्यांचा नुसता घोस! सोळा घरं, एक्केचाळीस टॅब. घरटी अडीच.

संस्थेच्या बाई भल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “बाळा, माहिती खरी द्यायची असते. दुसऱ्या कुणाचा हक्क जातो.”

सुगंधाने नकाशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या आत्याने आरशांचं तिला सांगितलेलं होतं — त्या क्षणी तिच्या डोक्यात ते जुळलं, मी ते जुळताना पाहिलं. पण तिने बोट नाही दाखवलं. आरोप नाही केला. मला जागा ठेवून विचारलं: “दादा, तुमी त सांगा. आमच्या पाड्यात कोनी घेतला का तुमच्याकडून?”

एक शब्द लागणार होता. ‘नाही.’ फार तर, ‘नाही, माझी चूक झाली.’ जन्मभर तोंडाची टकळी चालवली, आणि तो एक शब्द —

मी हार सारखा केला आणि म्हणालो, “ताई, गिऱ्हाइकाचं नाव सांगणारा दुकानदार आणि नवऱ्याचं वय सांगणारी बायको, दोघांचा संसार टिकत नाही.”

हॉल हसला. केवढा हसला! साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संस्थेच्या बाईसुद्धा हसल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा तो. सुगंधा उभी होती. मग वही मिटून बसली.

टॅब दुसऱ्या पाड्याला गेले. त्यांनाही हवेच होते. ते मी नाकारत नाही.

मला वाटलं, झालं. एवढंच ना? गेले टॅब तर गेले. पण तुम्ही आमच्याकडचे असाल तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. आमच्या भागात कागदावर विहिरी असतात, कागदावर बांध असतात. एखादी गोष्ट कागदावर आली आणि गावात दिसली नाही, तर लोक कागदाला खोटं म्हणत नाहीत. विचारतात — खाल्ली कोणी?

बातमी पाड्यावर पोचली: आपल्या नावावर एक्केचाळीस टॅब. मग गेले कुठं? टॅब-टॅब करत दारोदार कोण फिरत होतं? अंगठे कोणी घेतले? नवशीबाय भाचीसाठी पुढे झाली. म्हणाली, मी बघितलेत, शेठाने माझ्या मोहाशेजारी मांडले नि परत नेले. बिचारीला वाटलं, खरं सांगितलं की सुटेल. लोक म्हणाले — म्हणजे आले होते! तुझ्याच मोहाशेजारी आले होते!

पडवीतल्या अकरा मुलींच्या सात झाल्या. सातांच्या तीन.

सुगंधा दुकानात आली. गर्दी होती, मी माशाची गोष्ट सांगत होतो. ती गोष्ट संपेपर्यंत थांबली — तुम्हाला सांगतो, ती थांबली, आणि मी मुद्दाम लांबवली. माशाच्या पोटात दोन मोबाइल निघाले त्या दिवशी. शेवटी माणसं पांगली. ती म्हणाली, “दादा, टॅब नको, काय नको. एकदा वर या न् समद्यांसमोर सांगा. मंग मी कोनाला काय बोलनार नाय.”

मी म्हटलं, रविवारी येतो. डोळ्यांत डोळे घालून म्हटलं. आणि त्या वेळी मला जायचंही होतं, असं वाटतं — पण माझ्या वाटण्यावर मी स्वतःच किती भरवसा ठेवू?

रविवारी निघालो. उंबरमाळीपर्यंत गेलो. खालून तो कातळ दिसतो. कातळावर माणसं उभी होती. मोहाचे दिवस सरले होते, कातळ रिकामा होता, आणि त्यावर पाड्यातली बायामाणसं ओळीने उभी राहून वाटेकडे बघत होती. मोटारसायकल बंद केली. पाच मिनिटं थांबलो असेन. एक लोकल कसाऱ्याकडे गेली, एक मालगाडी आली. मग मी गाडी वळवली.

आटगावपर्यंत येऊन फोन केला. पंक्चर झालं, म्हटलं. सुगंधा म्हणाली, “बरं दादा.” तिच्या मागून म्हातारीचा आवाज आला: “आला का गो तो आरशेवाला?”

पुढच्या रविवारचं तिने विचारलं नाही. मीही काढलं नाही.

पडवीतला अभ्यास बंद झाला. सुगंधा हायवेवरच्या एका गोदामात खोकी बांधायला जाते, पाड्यातल्या कुणाशी फारसं बोलत नाही. त्या अकरांतल्या दोघींची लग्नं झाली. एकीचं तर मला आमंत्रण होतं, मी गेलो, जेवलो. बाकीच्यांचं मला माहीत नाही. माहीत करून घेता आलं असतं.

आणि मी? दुकान छान चाललंय. साहेबांनी तो नकाशा फ्रेम करून दिला, गल्ल्याच्या मागे लावलाय. लोक विचारतात, शेठ, एवढे टॅब त्या डोंगरात? मी नुसता हसतो. पण हल्ली एक झालंय. दुकानात कुणी टॅब चालू केला आणि ती टुंग-टुंग वाजली की मी उठतो. काहीतरी निमित्त काढून रस्त्यावर जातो, चहाच्या टपरीपर्यंत, परत दारापर्यंत, परत टपरीपर्यंत. पोरं म्हणतात, शेठला साखर झाली, पाय स्वस्थ राहत नाहीत. मी म्हणतो, हो रे, साखरच.

फ्रेम उतरवली का? नाही. वर गेलो का? नाही. आज हे तुम्हाला सांगतोय तेही शहापुरातूनच. उंबरमाळी इथून काही लांब नाही.

आकडे मी जन्मभर फुगवले. एक तेवढा नीट सांगतो. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यात घरं सोळा. माझ्याकडून टॅब घेतलेलं घर एकही नाही. सुगंधाची वही बरोबर होती.