ईश्वरीच्या दंडावरचा वळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकदाच तोंड उघडलं, एकाच माणसापुढं. त्याचं काय झालं ते पुढं येईलच. पण आधीच सांगते, माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊन वाचायला बसू नका. तशी मतं पुष्कळांनी करून घेतलीत, आणि मला आता त्या मतांचाच राग येतो.

आमच्या भागात मला ‘घरात शाळा चालवणारी’ म्हणून ओळखतात. माझी दोन्ही मुलं घरीच शिकतात. ईश्वरी बारा वर्षांची, राजवीर आठ वर्षांचा. मी बी.ए. झालेली, माहेर नेसरीचं. घर म्हणाल तर भाड्याच्या दोन खोल्या. माझे मिस्टर, विश्वास, शाहूपुरीत पंपांच्या दुकानात कामाला आहेत. तेवढ्या पगारात घर कसं चालतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून आमच्या शाळेत विकतचं फारसं काही नसतंच. दुकानातले रिकामे खोके विश्वास घेऊन येतात, त्यांची घरं होतात, एसट्या होतात. जुन्या लग्नपत्रिका मी नातेवाइकांकडून मागून आणते, त्यांच्या जाड, चमकत्या कागदातून अक्षरं कापायची. बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांवर. टेलरकडच्या चिंध्यांच्या बाहुल्या. चपाती तव्यावरून उतरली की आधी अर्धी करायची, मग पाव, आणि मग खायची. राजवीरला अपूर्णांक तसाच समजला.

लोक बघायला येतात. ‘पोरांवर कधी आवाज चढवत नाही हो ही,’ म्हणतात. भिशीच्या बायकांनी तर एकदा मला बोलायलाच उभं केलं. विषय काय? मुलांना न मारता कसं शिकवायचं. मी बोलले. चांगली बोलले. टाळ्या घेतल्या आणि घरी येऊन निवांत चहा केला. तेव्हा लाज वाटली का? नाही वाटली. तीच तर गोष्ट आहे.

आणि सगळे एक प्रश्न विचारतात, हटकून विचारतात — मुलीला शाळेतून का काढलं? माझं उत्तर पाठ होतं. ‘बालवाडीत टीचरनं मारलं हो. एवढासा जीव. दंडावर वळ उठलावता.’ एवढं म्हटलं की बायका चुकचुकायच्या. एखादी ईश्वरीला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. ईश्वरी मान खाली घालून ऐकत असायची. दर वेळी. मी सांगायची आणि ती ऐकायची.

बघा, अजून मी गोल गोलच फिरते आहे. सांगून टाकते.

ईश्वरी पाच वर्षांची होती. राजवीर वर्षाचा, दात येत होते त्याला, रात्रंदिवस किरकिर. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, तोंडावर आलेला. बालवाडीतून सांगितलेलं, मुलांनी मातीचा बैल करून आणायचा. मुलांनी म्हणतात, करतात आयाच, हे तुम्हालाही माहीत आहे. मी कुंभाराकडून माती आणली. नेसरीत असताना मी सुरेख बैल करायची, वशिंड असं उभं काढायची की शेजारपाजारचे मागून न्यायचे. हाही तसाच झाला होता. ओट्याच्या कडेला वाळत ठेवलेला. सासूबाई सणासाठी आमच्याकडं आलेल्या, त्या सकाळी देवळात गेल्या होत्या. विश्वास कामावर गेलेले. मी चपात्या लाटत होते, पदर राजवीरनं धरलेला.

ईश्वरीनं बैल उचलला. तिला शिंगं स्वतः लावायची होती. ‘मी करतो की आई, माझा हाय की बैल,’ म्हणाली. खरंच तिचाच होता. ओली माती, तिच्या हातात पाय मोडला, बैल खाली पडला, मुंडकं वेगळं झालं.

माझ्या हातात लाटणं होतं.

एकदा मारलं असतं तर मी म्हटलं असतं, हात गेला. पण एकदा नाही मारलं. मी मोजलं नाही. दंडावर मारलं, त्याच ठिकाणी पुन्हा मारलं. ती रडली नाही लगेच. माझ्याकडं बघत राहिली — कुणीतरी दुसरीच बाई घरात शिरल्यासारखी. मग रडली. मी तिचं तोंड धुतलं, मोडका बैल ओल्या मातीनं जोडला, आणि गणवेशावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर चढवून तिला शाळेत सोडून आले. हवा पावसाळी होती. स्वेटर का, म्हणून कुणी विचारलं नाही. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं बघा माझं! लपवायचं कसं हे मला त्या घडीलाही बरोबर सुचलं.

दुपारी विश्वास जेवायला आले. पोरगी घामेजली म्हणून त्यांनी तिचा स्वेटर काढला. वळ काळानिळा पडला होता.

“कुणी मारलं हिला?”

सासूबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसलेल्या. “मी न्हवतो बाबा घरात, देवळात गेलतो,” म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या सुनेला पोरं सांभाळायला येत न्हाईत, हे त्या पाव्हण्यारावळ्यांत सांगत असत. माझ्यासमोर सांगत असत.

ईश्वरीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “टीचरनं.”

सासूबाईंचा राग म्हणून बोलले का? नवऱ्याची भीती म्हणून? विश्वासनी आजवर माझ्यावर हात उचललेला नाही. खरं सांगितलं असतं तर दोन दिवस बोलले नसते, एवढंच. तेवढ्यासाठी. दोन दिवसांचा अबोला आणि म्हातारीचे टोमणे चुकवायला मी एका बाईचं नाव घेतलं.

आणि तिथंच थांबले असते तरी एक वेळ! विश्वास हात धुवायला मागं गेले तशी मी ईश्वरीला आतल्या खोलीत नेलं. गुळाचा खडा हातावर ठेवला. म्हटलं, “कुणी विचारलं तर काय सांगायचं? टीचरनं मारलं. कशानं मारलं? पट्टीनं. सांग बघू.” तिनं सांगितलं. मी पुन्हा म्हणवून घेतलं. पाढा म्हणवून घेतात तसं. लोक मला विचारतात, घरच्या शाळेची सुरुवात कुठून केली? मी चिंचोक्यांचं सांगते. सुरुवात ही अशी झाली होती, त्या खोलीत, दार लोटून घेऊन.

टीचरचं नाव संध्या. माझ्याच वयाची, गडहिंग्लजकडची, इथं बहिणीकडं राहायची. बालवाडी म्हणजे काय, एका घराच्या तळमजल्यावरचा हॉल आणि चालवणारं एक वयस्कर जोडपं. विश्वास आणि माझे दीर तिथं गेले, मागून मी, ईश्वरीचा हात धरून. दिरांचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. संध्या टीचर आधी गोंधळली, मग म्हणाली, “मी न्हाई ओ मारलं. सकाळी आली तवाच वळ हुता. हात वर करंना म्हणून मी स्वेटर सारून बघितलं. बर्फ लावला मी तिला. मावशींना विचारा, त्यांनीच आणून दिला.”

मावशी, म्हणजे तिथं झाडलोट करणारी बाई, खाली बघत राहिली. दिरांच्या पुढं कोण बोलणार?

मला हे माहीत नव्हतं. माझ्या हातचं मारलेलं त्या बाईनं बर्फानं शेकलं होतं, आणि पोरीला उगंच प्रश्न विचारून घाबरवलंही नव्हतं. मला तिथंच थांबवता आलं असतं. आलंच असतं! तोंड उघडायचं होतं फक्त.

बालवाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी ईश्वरीला विचारलं, “बाळ, कुणी मारलं?”

ईश्वरीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “टीचरनं. पट्टीनं.”

संध्या टीचरनं आधी ईश्वरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला कळलं होतं. तिथल्या एवढ्या माणसांत ते फक्त आम्हा दोघींना कळलं होतं, आणि ती तिसरी, पाच वर्षांची. दुसऱ्या दिवशीपासून संध्या टीचर बालवाडीत नव्हती. बहिणीच्या गल्लीतही ही गोष्ट पोचली. कुणी पोचवली? मीच. चारजणींना मीच सांगितली, कारण न सांगणं संशयाचं दिसलं असतं.

विश्वास म्हणाले, “आता पोरगी शाळंत जाणार न्हाई. तू घरीच शिकव. आपल्या माणसाइतकं कोण जपणार?”

आपल्या माणसाइतकं! मी मान हलवली.

त्यानंतर मी ईश्वरीला कधी मारलं नाही. हे माझ्या बाजूनं धरू नका. मला आतून चांगलं बिंगलं काही झालं नव्हतं. आता घरात टीचर नव्हती, एवढंच. वळ उठला तर नाव कुणाचं घेणार होते?

शिकवलं मात्र मी मन लावून. ते खोटं नाही. पोरं वाचतात, हातांनी वस्तू करतात, हिशेब तोंडी करतात. म्हणून तर माझा जास्त संताप होतो. शिकवणंही वाईटच झालं असतं तर निदान सगळंच वाईट म्हणून एका ताटात टाकता आलं असतं.

गेल्या वर्षी ईश्वरीला घेऊन मी शाहूपुरीत कागद घ्यायला गेले. आकाशकंदील करायचे होते, सुट्टे कागद घेण्यापेक्षा होलसेलच्या दुकानात दस्ता स्वस्त पडतो. काउंटरमागं संध्या टीचर होती. जाड झालेली, चष्मा लागलेला. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग ईश्वरीकडं बघून हसली. खरंच हसली.

“ईश्वरी न्हवं का तू? केवढी मोठी झालीस गं!” म्हणाली, आणि काउंटरवरून हात पुढं केला.

ईश्वरी मागं सरकली. “हात लावू नका मला,” म्हणाली, मोठ्यांदा. “तुम्ही मारलं होतं मला.”

दुकानात गिऱ्हाईक होतं. मालक गल्ल्यावर बसलेला, त्यानं मान वर केली. “काय भानगड हाय ओ बाई?”

संध्या टीचर माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती. मला वाटतं, तेवढी सवड मला आयुष्यात कुणी दिली नसेल.

मी म्हणाले, “चल ईश्वरी. दुकानात वाद घालू नये.”

हे मी बोलले. चाळीस वर्षांची, बी.ए. झालेली, लोकांना शहाणपण सांगणारी बाई. वाद घालू नये! “काई न्हाई मालक,” असं संध्या टीचर म्हणाल्याचं पाठीमागून ऐकू आलं. कागद तिथंच राहिले. त्या दुकानावरून अजून जावं लागतं, तेव्हा मी पलीकडच्या बाजूनं जाते. आत गेलेले नाही. तिला अजून तिथं कामावर ठेवलंय की नाही, तेही मी बघितलेलं नाही.

रस्त्यात ईश्वरी थरथरत होती. ते खोटं नव्हतं, मी हात धरला होता तिचा. तेव्हा मला समजलं की हे काय करून ठेवलंय मी. ती माझी बाजू घेऊन खोटं बोलत नव्हती. माझं गुपित राखत नव्हती. तिला ते तसंच आठवत होतं.

आठवड्यानं, दुपारी, मी तिला सांगितलं. विश्वास कामावर होते. त्यांना अजून माहीत नाही, वाचतील तेव्हा वाचतील. राजवीर पुठ्ठ्याचं घड्याळ करत बसलेला, ईश्वरी त्याला आकडे लिहून देत होती. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, “ईश्वरी, तुला टीचरनं मारलं नव्हतं. मी मारलं होतं. लाटण्यानं. आणि टीचरचं नाव सांगायला मीच तुला शिकवलं.”

तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल. उठून जाईल. मला काहीतरी फेकून मारेल — मारलं असतं तर किती बरं झालं असतं.

“नाही आई,” ती म्हणाली. अगदी समजुतीच्या सुरात, मी तिला समजावताना लावते तोच सूर. “तुला त्यांची दया आली ना दुकानात? म्हणून म्हणतीस. तू कधी मारत नाहीस कुणाला.”

“मारलं होतं गं. लाटणं होतं माझ्या हातात.”

“पट्टी होती,” ती म्हणाली. “हिरवी. मला आठवतंय की.”

हिरवी मी कधीच म्हणाले नव्हते.

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखा. मग राजवीरकडं वळली आणि घड्याळावर बाराचा आकडा कुठं येतो ते त्याला दाखवायला लागली.