कुलपातला माग

"बाबूजी, हात इसरून राह्यले जी," असं म्हणत त्या बाई दोन्ही हात माझ्या टेबलावर उताणे ठेवायच्या, डॉक्टरला दाखवावेत तसे.

तुम्ही कचेरीत काम केलं असेल, तर दर बाजाराच्या दिवशी येणारं असं एखादं माणूस तुम्हालाही आठवेल. ते दारात दिसलं की आपण उगाच फाईल उघडतो. मीही उघडायचो.

त्या फुलसावंगीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. नवरा वारलेला. छपन्न साली धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि गावाने त्यांना शेतात कामाला बोलवायचं सोडलं. दोनतीन वर्षांनी आमच्या पुसदच्या कार्यालयाने सतरंज्या विणण्याचा वर्ग काढला, तेव्हा पहिलं नाव त्यांचं. मास्तर दुपारी झोपले की बाकीच्या बायांना त्याच शिकवायच्या.

वर्ष संपलं. प्रमाणपत्रं वाटली, मास्तरांची बदली झाली आणि माग खोलीत कुलूपबंद झाले. शिकलेल्यांनी विणायचं कशावर, हे कोणत्याच परिपत्रकात नव्हतं.

त्यांचे अर्ज मीच लिहून द्यायचो. साहेब म्हणाले, एकटीला माग देता येत नाही, दहा जणींची संस्था हवी. बाई गावोगाव पायी हिंडल्या आणि आठ महिन्यांनी दहा अंगठे घेऊन आल्या. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी कागद वर पाठवला. तो अजून वरच असावा.

कागद वर गेल्याचं मी सांगितलं, त्या दिवशी त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. पायरीवर बसून तंबाखू मळत म्हणाल्या, "बाबूजी, माग नोका देऊ. मोजू तं द्या."

"मोजून काय करणार, बाई?"

"आमच्या गावचा सुतार म्हनते, माप आन, करून देतो."

किल्ली माझ्याकडेच होती. साहेब दौऱ्यावर होते. नियमाप्रमाणे मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांना नाही म्हणायचाही आता कंटाळा आला होता. गंजलेल्या कुलपात तेल घालून ते उघडलं. लाकडाला वाळवी लागली होती. बाईंनी सुतळीला गाठी मारत एकेक भाग मोजला. मधेच थांबून पदराने धूळ पुसली.

"काहून असं मरू देल्लं?" हे त्यांनी मला विचारलं की मागाला, ते कळलं नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

बाभळीच्या लाकडाचा माग उभा राहिला. दहापैकी चौघी टिकल्या. तीनचार वर्षं पुसदच्या बाजारात त्यांच्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या जाड सतरंज्या दिसायच्या. दिवस पालटले असं मी म्हणणार नाही. गिरणीचा माल स्वस्त होता, सूत वेळेवर मिळत नसे. पण कामासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, असं त्या सांगायच्या. पुढे त्यांना खोकला जडला, तो हटला नाही.

माझी कळंबला बदली झाली होती. त्या गेल्याचं कळलं तेव्हा महिना उलटला होता. एसटीतून उतरून दोन कोस चालत गेलो. शेजारच्या बाईंनी ओट्यावर सतरंजी अंथरली.

"ही त्यांनी विणलेली का?" मी विचारलं.

"नाही जी. त्याईची तं घरात एकही नाही उरली. सप्पा इकल्या. ही माही हाय, पयलीच."

सतरंजीची कड जरा तिरपी गेली होती. मी चपला दूर काढून ठेवल्या आणि बसलो.