ठासणीवरची खूण

मिस्त्रीला गेली तीन वर्षं एकच इच्छा होती. कोणीतरी अधिकारानं म्हणावं, ‘बस झालं.’ बायको रोज म्हणायची, पण ती दुकान बंद करा म्हणायची तशीच दाढी करा, पंखा पुसा, दूध उतू गेलं, असंही म्हणायची. तिच्या शंभर सूचनांत ही एक सूचना हरवून जायची. आणि आपणहून थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बेचाळीस वर्षं ज्यानं जुन्या बंदुका दुरुस्त केल्या, त्याला एका सकाळी कुलूप लावून किल्ली खिशात टाकता येत नाही. कोणीतरी हात धरावा लागतो.

दुकान म्हणजे दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद खोली. दाराशी काउंटर, मागे शेगडा, भिंतीला कानशी मोठीपासून बारीकपर्यंत ओळीनं टांगलेल्या. पाटीवर पूर्वी ‘बंदुका दुरुस्ती व दारू’ असं लिहिलेलं होतं. संध्याकाळी भलतेच लोक रिकामी बाटली घेऊन उभे राहायला लागले तेव्हा बायकोनं रंगाचा डबा आणून शेवटचे दोन शब्द पुसले. तेव्हापासून पाटी एका बाजूला रिकामी होती आणि गिऱ्हाईकही हळूहळू तसंच झालं. राहिले ते हौशी म्हातारे. आजोबाची, बापाची ठासणीची बंदूक घेऊन यायचे आणि बंदुकीपेक्षा आजोबाबद्दलच जास्त बोलायचे.

मिस्त्रीचे डोळे अधू झाले होते. चष्म्यावर भिंग लावलं तरी बारीक आटे दिसायचे नाहीत, बोटानं चाचपून कळायचे. गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या हातून चूक होत नाही. हे ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं, आणि माणसाला यापेक्षा मोठा धोका नसतो.

दोन महिन्यांपूर्वी भाऊजी आले. थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर सरकारी मोजणीदार होते, साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावरही मोजणं सुटलं नाही. चहात साखर किती, जिन्याला पायऱ्या किती, सगळं माहीत. त्यांनी काउंटरवर चादरीत गुंडाळलेली वडिलांची बंदूक ठेवली. ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या छोट्या टोपीवर उडणारी, ठासणीची, नळी हातभर जास्तच लांब. दर रविवारी ते ती घेऊन नेमबाजीच्या मैदानावर जायचे आणि लाकडी फळीवर पाच-सहा बार टाकून यायचे. हल्ली तीन बारांत एक फुसका जायचा.

“हिला नवी कर,” भाऊजी म्हणाले. “मला वाटलं पाहिजे की आज घेतली.”

मिस्त्रीनं उघडून पाहिली. नळीच्या मागचं बूच गंजून गेलेलं, टोपी बसते ती बोंडी झिजलेली, दस्त्याला चीर. नळी मात्र आतून अजून बरी होती. बूच कुणीतरी जुन्या काळी ओढूनताणून बसवलेलं, गरजेपेक्षा चांगलं दोन बोटं लांब. तेवढी नळी फुकट भरलेली होती.

“बूच नवं करतो, आखूड,” मिस्त्री म्हणाला. “बोंडी नवी. दस्त्याला आतून खुंटी मारतो. नेम धरायची माशी थोडी उंच करू.”

“आणि दारू कोणती?”

इथं वाद सुरू झाला, आणि तो पुढचे पंधरा दिवस संपला नाही. मैदानावरच्या कुणा दीडशहाण्यानं भाऊजींना सांगितलं होतं की बिनधुराची दारू वापरा. काजळी नाही, धूर नाही, नळी धुवायला नको. मिस्त्रीनं हातातली कानस खाली ठेवली.

“भाऊजी, ती नव्या काडतुसांची दारू. या नळीत घातलीत तर नळी फुटेल. आणि नळीच्या शेजारी तुमचा गाल असतो.”

“थोडीशी घातली तर?”

“थोडंसं विष खाणार का?”

भाऊजी रुसले. दोन दिवसांनी नवं काहीतरी घेऊन आले: काळ्या दारूसारखीच, पण काजळी कमी धरणारी एक नवी दारू निघाली आहे म्हणे. मिस्त्रीनं ती पाहिली, चिमटीत घेऊन वास घेतला. वाईट नव्हती, पण पेटायला हट्टी, आणि या बंदुकीची ठिणगी म्हातारी. मग साधी काळी दारूच ठरली. त्यातही दाणा जाड की बारीक, यावर आणखी दोन दुपारी गेल्या. शेवटी मिस्त्रीनं मधला दाणा ठरवला आणि म्हणाला, “आता यावर एक शब्द बोललात तर ताईला बोलावीन.” तेव्हा कुठं भाऊजी गप्प झाले.

या सगळ्या काथ्याकुटात एक गोष्ट राहून गेली.

ठासणीच्या बंदुकीत बार आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून जुनी माणसं नळीत ठासणी, म्हणजे बार ठासायचा लाकडी गज, तळापर्यंत सोडतात. रिकाम्या नळीत तो किती आत जातो तिथं त्याच्यावर खाच पाडलेली असते. खाच नळीच्या तोंडाशी आली की बंदूक रिकामी. वर राहिली की आत बार आहे. भाऊजींच्या ठासणीवर ही खाच त्यांच्या वडिलांनी चाकूनं पाडलेली होती. ती ठासणी घरी कपाटावर असायची. मैदानावर ते मुठीचा लोखंडी गज वापरायचे. दुकानात बंदूक आली, ठासणी आलीच नाही. मिस्त्रीला पहिल्या दिवशीच म्हणायचं होतं, ‘ठासणी घेऊन या, बूच बदललं की खाच बदलावी लागेल.’ तेवढ्यात बिनधुराच्या दारूचा विषय निघाला.

भाऊजींनी बंदूक शनिवारी नेली. सोमवारी दुपारी मिस्त्री भंगाराचा डबा निवडत बसला होता. हातात जुनं बूच आलं. त्यानं ते अंगठ्यानं चोळलं, उगाचच नव्या बुचाच्या मापाच्या तुकड्याशेजारी धरलं. दोन बोटांचा फरक. भाऊजींचा बार, दारू आणि गोळी मिळून, साधारण दोन बोटंच भरतो.

म्हणजे आता भरलेल्या बंदुकीत ती ठासणी सोडली तर जुनी खाच बरोबर तोंडाशी येणार. भरलेली बंदूक रिकामी दिसणार.

आणि आज सोमवार. दर सोमवारी दुपारची झोप झाली की भाऊजी बंदूक पुसायला घेत. आधी ठासणी सोडून बघायची, मग बोंडीतली काजळी उडावी म्हणून एक टोपी वाजवायची, मग नळी धुवायची. बैठकीत खुर्चीवर बसून, नळीचं तोंड समोरच्या भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि लाकडी फळ्यांची ती भिंत मिस्त्रीनंच ताईला लावून दिली होती.

रविवारी भाऊजींनी सगळे बार उडवले असतील तर काहीच नाही. पण भाऊजी हल्ली विसरायला लागले होते. चावी, चष्मा, एकदा तर भाच्याचं नाव. म्हणूनच त्यांचा त्या खाचेवर एवढा विश्वास. डोकं विसरेल, लाकूड विसरत नाही, असं ते म्हणायचे.

मिस्त्रीनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ताईचा फोन उशीखाली आणि ताई नेहमी दुसऱ्याच खोलीत. त्यानं जुनं बूच खिशात टाकलं, दुकान उघडंच टाकलं आणि बस पकडली. बसमध्ये जागा मिळाली तरी तो बसला नाही. त्याला वाटत होतं, बसलो तर उठता येणार नाही.

दार ताईनंच उघडलं. मिस्त्री चपला न काढता आत गेला. भाऊजी खुर्चीत बसले होते. बंदूक मांडीवर, शेजारच्या स्टुलावर टोप्यांची डबी आणि निम्मा प्यायलेला चहा.

“ये ये, मिस्त्री,” ते म्हणाले. “रिकामी आहे. आत्ताच बघितलं.”

“द्या इकडे.”

त्याच्या आवाजात काहीतरी असावं, कारण भाऊजींनी मुकाट्यानं दिली. मिस्त्रीनं बोंडीवर टोपी नाही हे आधी पाहिलं, तोंड खिडकीबाहेर आभाळाकडे केलं आणि ठासणी सोडली. खाच नळीच्या तोंडाशी आली. त्यानं ठासणी वर उचलून पुन्हा सोडली. लोखंडावर लाकूड आपटलं की खणखणीत वाजतं. हे थबकलं, गादीवर पडल्यासारखं.

“भरलेली आहे,” तो म्हणाला.

मिस्त्रीनं बोंडी काढली, मागून पाणी सोडून दारू भिजवली, गजाला पेच लावून गोळी ओढून काढली आणि मोरीत काळा चिखल ओतला.

भाऊजी खुर्चीत लहान झाले होते. “काल शेवटी मैदान बंद व्हायची शिट्टी झाली,” ते पुटपुटले. “मला वाटलं बार उडवला. मग घरी खाच बघितली. खाचसुद्धा मला नीट दिसली नाही का?”

ताई दारात उभी होती. “मी कधीची सांगतेय,” ती म्हणाली. “यांचं डोकं आता राहिलेलं नाही. ती बंदूक देऊन टाका कुणाला तरी.”

भाऊजींनी होकारार्थी मान हलवली. लढायची ताकदच संपल्यासारखी.

मिस्त्रीला गप्प राहता आलं असतं. गप्प राहिला असता तर बेचाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं आणि एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर आणखी एक विसर चढला असता. त्याला भाऊजींच्या त्या हललेल्या मानेची फार दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

“भाऊजी, खाच तुम्ही बरोबर बघितलीत,” तो म्हणाला. “खाच खोटी होती. बूच मी बदललं, ठासणी मागवायची मी विसरलो.”

भाऊजींनी वर पाहिलं. “म्हणजे मोजणी चुकली नव्हती?”

“तुमची नाही.”

मग त्यांनी टेप काढला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा मोठ्यानं आकडा म्हणाले. मिस्त्रीनं नवी खाच पाडली आणि वडिलांच्या खाचेवर चाकूनं दोन आडवे काप मारले, खोडल्यासारखे. भाऊजींनी त्या कापांवर हळूच अंगठा फिरवला.

ताई त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. “बरं केलंस,” ती म्हणाली. “यांचं मन राखलंस. तुझ्या हातून कुठली चूक व्हायला.”

ती विश्वासच ठेवत नव्हती. मिस्त्रीनं खिशातून जुनं बूच काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि त्याच्या टोकाला आपली दोन बोटं आडवी लावली. “ताई, एवढं मी विसरलो. ते टोपी वाजवणार होते. तू कुठं होतीस?”

ताईनं बुचाकडे पाहिलं. “स्वयंपाकघरात,” ती म्हणाली. “मीच म्हटलं त्यांना, आधी चहा घ्या, मग वाजवा.”

समोरून बस येताना दिसली. तिनं मूठ मिटली आणि बूच परत दिलं नाही. लहानपणी तो नदीत खोल जायचा तेव्हा ज्या आवाजात ती काठावरून बोलवायची, त्याच आवाजात म्हणाली, “उद्यापासून दुकान उघडायचं नाही.”

“बरं, ताई,” मिस्त्री म्हणाला. तो बसमध्ये चढला आणि पहिल्याच रिकाम्या जागेवर बसला.