तान्ह्या ताऱ्याजवळचा ग्रह

आज सकाळपर्यंत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगताना जीभ अडखळतेय — पण सांगते.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. सविता माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. कुंभारीहून बसनं यायची; आई विड्या वळायची. प्रकल्पासाठी तिनं एक अगदी तान्हा तारा निवडला होता — एका दुर्बिणीच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या नोंदींमधून. एका दुपारी आलेख घेऊन धावतच आली. दर आठ दिवसांनी त्या ताऱ्याचा उजेड किंचित घटत होता.

"मॅडम, ग्रह हाय! गुरूएवढा, पार ताऱ्याला खेटून फिरतोय, मधी आला की उजेड अडतोय. ताऱ्यावरचा डाग असता तर बदलला असता की. ह्यो दर खेपेला सारखाच."

मी म्हणाले, "डागच आहे. तान्हे तारे डागाळलेलेच असतात. प्रकल्पातून काढून टाक ते प्रकरण."

माझी पीएच.डी. याच विषयातली, बरं का. एवढाले ग्रह ताऱ्यापासून लांब जन्मतात, जवळ सरकायला त्यांना फार काळ लागतो, म्हणून तान्ह्या ताऱ्याजवळ ते सापडणारच नाहीत — असं मी प्रबंधात ठासून लिहिलं होतं. आणि ही पोर...

तिनं प्रकरण काढून टाकलं. तारा मात्र सोडला नाही! ज्या संशोधन संस्थेत तिनं अर्ज केला, तिनं तिला घेतलं नाही, तर वैरागला शाळेत शिकवू लागली; रविवार आला की तेच आलेख. शेवटी परदेशातल्या एका वेधशाळेला तिनं स्वतःच लिहिलं. त्यांनी मोठी दुर्बीण तिकडं वळवली. ग्रह होता! गुरूहूनही मोठा!

गेल्या महिन्यात ती आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आली. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर ग्रहाचं चित्र आलं, तशी पहिल्या रांगेतून तिची आई मोठ्यानं म्हणाली, "लई मोठा हाय की गं!" सगळे हसले, टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, तळहात लाल होईस्तोवर. इतका आनंद मला माझ्या पदवीच्या दिवशीही झाला नव्हता — हे खरं आहे, यावर विश्वास ठेवाल?

मग ती म्हणाली, "मॅडमनी शंका घेतली, म्हणून मी धा वेळा तपासलं." स्वतःचा हार काढून तिनं माझ्या गळ्यात घातला. मी घालून घेतला.

शंका? कसली शंका? त्या दुपारी ती गेल्यावर मी दार लावून तिचे आकडे पडताळले होते. दोनदा. डाग नव्हता. मला कळलं होतं — तेव्हाच. आणि पुढच्याच आठवड्यात त्या संस्थेसाठी तिचं शिफारसपत्र लिहायला बसले, तेव्हा मी लिहिलं, 'मुलगी कष्टाळू आहे, पण निष्कर्षाची घाई करते.'

आज सकाळी हे सगळं सविताला लिहून पाठवलं. उत्तर मागितलेलं नाही.